ग्रॅव्हल सायकलिंग (कृष्णाकाठची पाणंद)

ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे डांबरी रस्ता सोडून मुरूम, खडी, माती असल्या कच्च्या वाटांवर लांब पल्ल्याची सायकल मारणं, आणि त्यासाठी खास बनवलेली सायकल ती ग्रॅव्हल बाईक. दिसायला रेसिंगच्या सायकलीसारखीच, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, पण टायर जाड म्हणजे साधारण ३८ ते ५० मिलिमीटर, ब्रेक डिस्कचे आणि गिअर पायडल मारायला हलके. ही नोंद त्यातल्या एकाच प्रकाराबद्दल आहे, सपाट नदीखोऱ्यातल्या, आणि त्यातही कराडपासून खाली सांगली, नरसोबावाडीपर्यंतच्या कृष्णाकाठाबद्दल, कारण इथं असल्या वाटेला ग्रॅव्हल हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून नाव आहे, पाणंद.

पाणंद म्हणजे दोन रानांच्या मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. दोन्ही बाजूंना बांध किंवा बाभळी-घाणेरीचं कुंपण, मध्ये गवताचा पट्टा आणि त्याच्या दोन्ही अंगांना चाकोरी. गावाच्या शिवेवरून जातो तो शिवरस्ता. नकाशावर यातलं अर्धंही सापडत नाही, सापडलंच तर ती रेघ शेवटी कुणाच्यातरी विहिरीपाशी संपते, म्हणून वाट विचारायची ती माणसालाच आणि तो माणूस वाट सांगायच्या आधी "केवढ्याला घेतली?" विचारणार हे धरून चालायचं. खरी किंमत सांगू नका, एवढ्यात एक म्हैस येते असं ऐकून घ्यावं लागतं.

आता गंमत बघा. गावोगाव दूध घालायला जी काळी सायकल फिरायची, मागं दोन बाजूंना किटल्या लावलेली, तिचा टायर २८ बाय दीड इंचाचा. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. आज लाखभर रुपयांच्या ग्रॅव्हल बाईकला जी रुंदी खास म्हणून सांगतात ती हीच. फरक हवेचा, रबराचा, गिअरचा आणि ब्रेकचा आहे आणि तो मोठा आहे हे मान्य, पण "कच्च्या रस्त्यावर सायकल चालवायचा नवा शोध" वगैरे कुणी सांगायला लागलं की मला त्या किटल्या आठवतात.

खेळ म्हणून हे अमेरिकेत वाढलं. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावची २०० मैलांची शर्यत २००६ ला सुरू झाली, हल्ली तिला अनबाउंड म्हणतात. शिमानोने खास ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स हा गिअरसेट २०१९ ला काढला. पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ ला इटलीत झाली, व्हिचेन्झा ते चित्ताडेला, म्हणजे तीही बरीचशी सपाट नदीकाठच्या मुलखातच, आणि पुरुषांत बेल्जियमचा जियानी फेर्मीर्श जिंकला. इतिहास एवढा पुरे.

कृष्णाकाठचं सगळं गणित मातीचं आहे. नदीच्या जवळ खोल काळी माती, काही ठिकाणी पुरुषभर खणलं तरी खडक लागत नाही, आणि नदीपासून लांब गेलं की माळ सुरू होतो, तिथं वर वीतभर माती आणि खाली मुरूम. मुरूम म्हणजे झिजून भुगा झालेला काळा दगडच, तांबूस रंगाचा. पाणंदीत टाकतात तो मुरूम माळावरून ट्रॉलीने आणलेला असतो, म्हणून रस्त्याचा रंग बघून चालवायची सवय लागते, तांबडा दिसला की रेटायचं, काळा दिसला की आधी बघायचं काल पाऊस झाला होता का, किंवा रात्री कुणी उसाला पाणी सोडलं होतं का, कारण इथं पाऊस नसतानाही पाणंदीत चिखल असतो, पाट फुटलेला असतो नाहीतर पाणीपुरवठ्याची पाइप गळत असते.

शेतकऱ्याचा एक शब्द आहे वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना फार ओली ना फार कोरडी, पेरणीला नेमकी योग्य होते ती अवस्था. सायकलवाल्यालाही वाफसाच लागतो. वाफसा आलेल्या काळ्या पाणंदीसारखा रस्ता जगात नाही, टायर दबत नाही, उडत नाही, आवाज येतो तो फक्त साखळीचा. पण हे दोन-चार दिवसच. त्याच्या आधी गेलात तर चिखल आणि नंतर गेलात तर उन्हाने दगड झालेल्या ट्रॅक्टरच्या टायरच्या नक्ष्या, ज्यावरून दहा किलोमीटर गेलं की मनगटं बोलायला लागतात.

आधी गेलो तर काय होतं ते मी आमणापूरच्या अलीकडे अनुभवलंय. पन्नास-साठ पावलांत माती टायरला चिकटली, त्यात उसाचं पाचट मिसळलं, त्याचा थर वाढत वाढत पुढच्या चिमट्यात अडकला आणि चाक फिरायचंच थांबलं, मागचंही तसंच, सायकल उचलावी तर मातीने वजन दुप्पट. शेवटी बांधावरचं उसाचं कांडकं घेतलं आणि खरवडत बसलो, चार पावलं ढकललं की परत तेच. बांधावर बसलेला एक आजोबा बराच वेळ शांतपणे बघत होता, मग म्हणाला, "पोरा, गवतातनं चाल की." म्हणजे चाकोरी सोडून मधल्या गवताच्या पट्ट्यावरून. बरोबर होतं त्याचं, गवताच्या मुळ्या माती धरून ठेवतात. कॅन्ससच्या शर्यतीतही असाच चिखल लागतो आणि तिथले लोक तो खरवडायला रंग ढवळायची लाकडी पट्टी खिशात ठेवतात. इथं पट्टी न्यायची गरज नाही, ऊस आहेच.

उसाचं आणखी एक आहे. वाढलेला ऊस दहा-बारा फूट जातो आणि पाणंद बोगदा होते, ना डोंगर दिसतो ना नदी, सूर्य डोक्यावर असेल तर दिशासुद्धा कळत नाही, वाराही लागत नाही. मग गळीत हंगाम सुरू होतो, तोडणीच्या टोळ्या येतात, कडेला त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या उभ्या राहतात आणि आठवड्यात तेच रान उघडं पडतं. या दिवसांत ट्रॉल्यांना वाट द्यायची, वाद घालायचा नाही, भरलेल्या दोन ट्रॉल्या मागं असलेला ट्रॅक्टर तुमच्यासाठी थांबू शकत नाही. गुऱ्हाळ दिसलं तर मात्र थांबायचं.

सपाट आहे म्हणून सोपं, हे घाटावर सायकल चालवणाऱ्यांचं मत. चढाला माथा असतो आणि पुढं उतार, इथं उतार नाहीच म्हणजे पाय थांबवायला जागाच नाही, सतत पायडल. त्यात पावसाळ्याच्या तोंडाला आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. नदी कराडकडून सांगलीकडे आग्नेयेला वाहते, म्हणजे पाण्याबरोबर गेलात तर वारा पाठीवर आणि परत येताना तोच वारा छातीवर. शहाण्याने जाताना वाऱ्याविरुद्ध जावं. मी दरवेळी उलटं करतो.

हवा टायरमध्ये कमी ठेवायची. सत्तरेक किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरपूर होते, डांबरावरच्या सवयीने ७० भरलीत तर खडीवर सायकल टप्पे खात जाते. दुसरा प्रश्न बाभळीचा काटा. कुंपणाची छाटणी करून फांद्या वाटेतच टाकलेल्या असतात, ट्यूब असेल तर दिवसात तीन पंक्चर काढून झालेत माझे. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट असतं, काटा घुसला की ते द्रव भोकात जाऊन घट्ट होतं. काटा लगेच उपटायचा नाही, चाक फिरवून भोक खाली आणायचं, मग उपटायचा. वस्तीवरच्या कुत्र्यांना उपाय एकच, उतरून सायकल मध्ये धरून चालायचं, पळालात की संपलं.

काही ठिकाणी, विशेषतः वाळवा, मिरज, शिरोळ तालुक्यांत, कडेच्या रानावर पांढरा पापुद्रा दिसतो. ती क्षारपड जमीन. वर्षानुवर्षं ऊस, वारेमाप पाणी आणि निचरा नाही, मग खालचं मीठ वर येतं. तिथल्या पाणंदी उन्हाळ्यातही दमट असतात, आणि ते रान बघताना सायकलच्या चिखलाची तक्रार करायची लाज वाटते. तसंच पाणंदी पक्क्या होण्याचं. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली, त्यावर काही सायकलवाले हळहळतात की आता मजा जाणार. ज्याचा ऊस चिखलामुळे फडात अडकून राहिलाय त्याला विचारा मजा.

पूर हा इथल्या रस्त्याचा मालक. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, नंतर २०२१ ला परत मोठा पूर. ओसरल्यावर पाणंदीवर गाळाचा थर बसतो, सुकला की पावडरीसारखा उडतो, डांबर उखडलेलं असतं ते पुढची दोन-तीन वर्षं मुरूम टाकून भागवलेलं असतं. म्हणजे इथं बरेच डांबरी रस्तेसुद्धा ग्रॅव्हलच.

जायचं तर नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत, पहाटे. बह्याला नदीतल्या बेटावर रामलिंग आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक, तिथून वाळवा, औदुंबर. औदुंबरला दत्ताच्या घाटावर बसलं की समोरच्या काठाला भुवनेश्वरी. पाणी शांत दिसलं म्हणून पोहायला उतरू नका, भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत आणि हे भीती घालायला सांगत नाहीये. ब्रह्मनाळला येरळा नदी कृष्णेला मिळते, सांगलीला लागून हरिपूरला वारणा. हरिपूर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध, पेव म्हणजे जमिनीखाली खणलेलं कोठार, २००५ च्या पुरात त्यांचं फार नुकसान झालं. नरसोबावाडीला पंचगंगा येते, बासुंदी खाऊन पुढं कुरुंदवाड आणि मग खिद्रापूर. तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि छताला मधोमध गोल उघडं भोक, तिथं दगडी फरशीवर पाठ टेकून वर बघायचं. मागं नदी, नदीपलीकडं कर्नाटक, आणि तिकडच्या पाणंदीतही तोच काळा चिखल.