जुन्या कपड्यांचं नवं कापड : 'रीसायकल्ड' लेबलची पार्श्वभूमी

जुने कपडे पिंजून परत कापड करणं ही काही सस्टेनेबल फॅशनवाल्यांनी काढलेली आयडिया नाही. १८१३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरच्या बॅटली गावात लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यात थोडी नवी लोकर घालून सूत काढायला लागले, कारण युद्धामुळे लोकरीची टंचाई होती. या मालाला शॉडी म्हणत. पुढे अमेरिकन यादवी युद्धात कंत्राटदारांनी सैनिकांच्या गळ्यात याच कापडाचे युनिफॉर्म मारले, ते बघता बघता विरले, आणि शॉडी म्हणजे भिकार हा शिक्का बसला तो बसलाच.

पण खरा घोळ लेबलचा. १९३९ च्या अमेरिकन कायद्यात लोकरीचे तीन प्रकार होते : नवी, रीप्रोसेस्ड म्हणजे कापड झालं पण कोणी वापरलं नाही अशी (कटिंगमधली कात्रणं वगैरे), आणि रीयूज्ड म्हणजे कोणाच्या तरी अंगावरून उतरलेली. १९८० मध्ये शेवटचे दोन एकत्र करून एकच नाव ठेवलं, रीसायकल्ड. 'रीयूज्ड' वाचलं की गिऱ्हाईक नाक मुरडणार हे मान्य, शिवाय चांगली जुनी लोकर हलक्या नव्या लोकरीपेक्षा सरस असू शकते हेही खरं, तरी माझ्या मते तिथे गडबड झाली. कात्रणं म्हणजे आयता माल, धागा कुठला ते माहीत, रंग एक, बटणं नाहीत. वापरलेल्या कोटाचं आधी अस्तर उसवा, चेन काढा, बटणं तोडा, रंगानुसार लावा (हे नीट केलं तर परत डाय करावं लागत नाही, इटलीतलं प्रातो आणि आपलं पानिपत याच कामात मुरलेत), मग दातेरी ड्रममध्ये घाला, आणि एवढं करून तंतू तुटून आखूड होतात म्हणून बहुतेक वेळा नवे तंतू मिसळावे लागतात. आणि लेबल मात्र दोघांनाही एकच!

पॉलिएस्टरमध्ये तर अजून गंमत, तिथलं बहुतेक रीसायकल्ड कापड प्लास्टिकच्या बाटल्यांपासून येतं, कपड्यांचा संबंधच नाही.

आता कॉटन विरघळवून व्हिस्कोससारखा (लाकडाच्या लगद्यापासून काढतात तो) नवा धागा काढता येतो, पण कॉटनमध्ये इलास्टेन (कापडाला ताण देणारा रबरासारखा धागा) किंवा पॉलिएस्टर असलं की काम अवघड होतं. युरोपियन युनियनमध्ये जानेवारी २०२५ पासून जुने कपडे वेगळे गोळा करणं बंधनकारक आहे, म्हणजे ढीग वाढणार, पण त्यातला स्ट्रेच जीन्सचा गठ्ठा पिंजायचा कसा हे त्या नियमाने सुटत नाही.