ठाण्याला पहिली गाडी आली, पण चाकं फिरली कशी?

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत पोरं अजूनही आगगाडी-आगगाडी खेळतात, एकामागे एक लाइन लावायची आणि कोपरं अंगाशी धरून दोन्ही हात गोल गोल फिरवायचे. यातल्या एकानेही वाफेचं इंजिन चालताना पाहिलेलं नाही, तरी हात जे करतात ती हुबेहूब चाकांवरच्या दांड्याची हालचाल आहे. मला हे बघून दरवेळी भारी वाटतं.

१६ एप्रिल १८५३ ही तारीख ठाणेकरांना पाठ असते. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, साधारण ४०० पाहुणे आणि पुढे साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. ही इंजिनं २-४-० प्रकारची, म्हणजे पुढे छोट्या चाकांची एक जोडी आणि मागे मोठ्या चाकांच्या दोन जोड्या, आणि त्या दोन जोड्या दांड्याने एकमेकींना बांधलेल्या. हा दांडा इथवर यायला जवळपास पन्नास वर्षं गेली होती, आणि त्याबद्दल फार कोणी बोलत नाही.

मूळ अडचण दोन गोष्टींची. एक म्हणजे पिस्टन, म्हणजे सिलिंडरमध्ये वाफेने ढकलला जाणारा दट्ट्या, पुढेमागे हलतो आणि चाकाला गोल फिरायचंय. दुसरी म्हणजे लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं. १८०४ साली वेल्समध्ये रिचर्ड ट्रेविथिक या इंजिनिअरने आपलं इंजिन चालवलं ते दातेरी चाकांवर, म्हणजे गिअरवर. घसरण्याची भीती तर इतकी होती की १८१२ च्या सॅलामांका इंजिनाला चक्क दातेरी रूळ टाकला होता, आणि मग पुढच्याच वर्षी विल्यम हेडलीने प्रयोग करून दाखवलं की इंजिनाचं वजन पुरेसं असेल तर गुळगुळीत चाकही रूळ धरतं.

पण इथेच खरी मेख आहे. वजन धरतं खरं, पण ज्या चाकाला ताकद मिळते त्याच्यावर पडलेलं वजनच कामाचं, बाकीची चाकं नुसती ओझं वाहतात. म्हणून एका जोडीची ताकद दुसरीला द्यायची. जॉर्ज स्टीफन्सनने आधी साखळी वापरून पाहिली, सायकलच्या चेनसारखीच कल्पना, आणि १८२५ च्या लोकोमोशन इंजिनावर साखळीच्या जागी दांडा आला. तोच कपलिंग रॉड. १८२९ च्या रॉकेटमध्ये पिस्टनकडून येणारा कनेक्टिंग रॉड थेट चाकाला जोडला, मधे काही नाही, फक्त त्यात एकच जोडी ओढायची.

आता एक बारीक गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते. पिस्टन टोकाला पोचला की दांडा आणि क्रँक, म्हणजे चाकाच्या मध्यापासून दांडा जोडलेल्या जागेपर्यंतचा हात, एका रेषेत येतात, मग कितीही वाफ ढकला, चाक हलणार नाही. म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांशी काटकोनात बसवतात, एक बाजू अडली की दुसरी पूर्ण जोरात असते. आणि दोन सिलिंडर, प्रत्येकात वाफ दोन्ही बाजूंनी, म्हणजे चाकाच्या एका फेरीत चार फुसकारे. झुकझुक झुकझुक म्हणतो ना आपण, ती एक फेरी झाली.

चाकाचा आकारही उगाच नसतो. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं म्हणून पॅसेंजरला मोठी चाकं, मालगाडीला छोटी पण जास्त जोड्या जोडलेली, कारण तिथे वेग नको, ओढ हवी.

वीज आली तरी दांडा लगेच सुटला नाही, बरं का. मुंबई-पुणे घाटात मालगाड्या ओढायला १९२८ पासून जी इलेक्ट्रिक इंजिनं आली, ज्यांना सगळे खेकडा म्हणायचे, त्यांच्यातही मोटरची ताकद दांड्यांनीच चाकांपर्यंत जायची. एक खेकडा दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे, संधी मिळाली तर बाजूला उभं राहून नुसते दांडे बघा.

आता ठाण्याला लोकलच्या मोटर डब्याखाली वाकून पाहिलं तर दांडा कुठेच नाही. चाकांच्या प्रत्येक जोडीच्या आसाला त्याची स्वतःची मोटर, मोटरवर छोटं दातेरी चाक आणि आसावर मोठं. म्हणजे ट्रेविथिकने १८०४ ला जिथून सुरुवात केली होती त्याच दातेरी चाकांवर आज सकाळची फास्ट लोकल पळते.