'ओव्हरक्वालिफाइड': शिक्षण जास्त, की हवं ते नाही?

अर्धवेळ काम शोधताना "तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात" हे मी ठाण्यात एकाच महिन्यात दोनदा ऐकलं. शब्द तोच, अर्थ मात्र दोन्हीकडे निराळा.

पहिल्यांदा घोडबंदर रोडवरच्या एका दातांच्या दवाखान्यात. रिसेप्शनचं काम, सकाळी दहा ते दोन. माझं एम.कॉम. झालेलं, अकरा वर्षं कॉलेजात शिकवलेलं. डॉक्टरांनी बायोडेटा वाचून खाली ठेवला आणि विचारलं, "जूनमध्ये कॉलेजात जागा निघाली तर?" काम मला जमेल याबद्दल त्यांना शंका नव्हती, मी टिकेन का एवढीच होती. ही खरी जास्तीची पात्रता. अशा वेळी "डिग्री लिहूच नकोस" असं मैत्रिणी सांगतात. मला ते पटत नाही. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाईपदाच्या जाहिरातीत उमेदवार बारावी पास हवा, पदवीधर नको, अशी अट होती. एकाने पदवी लपवून अर्ज केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये निकाल बँकेच्या बाजूने लागला. त्यापेक्षा समोरच्याच्या भीतीलाच उत्तर द्यावं: चारच तास का हवेत (माझ्याकडे सासूबाईंची दुपारची फिजिओथेरपी), पगार मान्य आहे, आणि किमान किती महिने सोडणार नाही.

दुसऱ्यांदा नौपाड्यात, एका सीएंच्या ऑफिसात. त्यांनी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून खरेदीचं एक बिल हातात दिलं. माल वापीहून आलेला. खरेदीची एन्ट्री एफ९ वर असते हेच मला शोधावं लागलं. मग १८ टक्के जीएसटी मी नऊ-नऊ करून सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटीत (राज्याचा वाटा) टाकला. गुजरातचा माल म्हणजे दुसऱ्या राज्यातला, त्यावर सरळ आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा कर), पूर्ण १८ टक्के. हे मी वर्गात फळ्यावर कितीदा सोडवून दाखवलं होतं, पण स्क्रीनसमोर हात अडला. सर भले माणूस. म्हणाले, "मॅडम, तुम्ही या कामाला ओव्हरक्वालिफाइड आहात."

घरी पोचेपर्यंत मी तेच खरं धरून चालले होते. पण तिथे माझं शिक्षण जास्त झालं नव्हतं, त्या टेबलाला लागणारं कौशल्य माझ्याकडे नव्हतं. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या धावपळीत नव्या माणसाला एन्ट्री मारायला शिकवणार कोण? इथे कितीही समजावून सांगा, उपयोग नाही. हात बसवावाच लागतो.

फरक ओळखायचा तर विचारावं, अगदी नम्रपणे: "मी कुठे कमी पडले?" उत्तरात एखाद्या कामाचं नाव आलं, तर ते शिकायचं. "तुम्ही थांबणार नाही हो" असं आलं, तर किती थांबणार ते ठामपणे सांगायचं. मी नौपाड्याला फोन करून विचारलं. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बिलं भराभर पडायला हवीत, मॅडम."

त्याच आठवड्यात मी टॅलीचा क्लास लावला.