प्लेटलेटची पिशवी न्यायला येताय? बर्फ आणू नका

डेंग्यूचा सीझन लागला की आमच्या ब्लड बँकेच्या काउंटरवर रोज कोणी ना कोणी थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून येतं आणि आम्ही तो काढायला लावला की वाद होतो. रक्ताच्या पिशवीला चालतो ना, मग हिला का नाही? म्हणून एकदा नीट लिहून देतोय.

लाल पेशी 2 ते 6 डिग्रीला फ्रिजमध्ये ठेवतात, प्लाझ्मा तर गोठवूनच ठेवतात, पण प्लेटलेटला 20 ते 24 डिग्री लागतं. गारठा लागला की या चपट्या पेशी आकार सोडून गोळ्यासारख्या होतात, आणि मग पेशंटला चढवल्या तरी शरीर त्यांना रक्तातून पटकन काढून टाकतं. पिशवी संपते, पैसे जातात, काउंट जिथल्या तिथे.

मागच्या पावसाळ्यात एका वॉर्डात एसडीपीची (एकाच डोनरकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेटची) पिशवी रात्रभर फ्रिजमध्ये राहिली आणि सकाळी पेशंटचा भाऊ ती घेऊन आमच्याकडे आला, चालेल का विचारायला. ट्यूबलाइटसमोर धरून हळूच हलवली. चांगल्या पिशवीत रेशमी कापडासारखी चमक फिरताना दिसते, हिच्यात नुसतं पिवळट गढूळ पाणी. ती त्यानेच तास-दीड तास मशीनवर बसून दिलेली होती हो, त्याला नाही म्हणताना जीव तुटला.

आमच्याकडे पिशव्या अ‍ॅजिटेटरवर, म्हणजे हलवत ठेवणाऱ्या मशीनवर, सतत डुलत असतात ते बघून लोक विचारतात. तर पिशवीच्या प्लास्टिकमधून ऑक्सिजन आत जातो, हलत राहिली तर तो सगळ्या पेशींना मिळतो, नाहीतर आत आम्ल साठतं आणि पेशी मरतात. प्रवासातला तासभर न हलवता चालतो, पण उन्हात तापलेल्या गाडीच्या डिक्कीत अजिबात नको. आणि एवढं करूनही आयुष्य 5 दिवसच, कारण या तापमानाला जंतू वाढायची भीती असते.

म्हणूनच आम्ही आधी विचारतो की सलाईनची लाईन लागलीय का, चढवायला डॉक्टर-सिस्टर तयार आहेत का, आणि मगच पिशवी देतो. काहींना ही अडवणूक वाटते, पण बाहेर जाऊन कशी ठेवली गेली ते कळायला मार्ग नसतो, त्यामुळे परत आलेली पिशवी दुसऱ्या पेशंटला देण्याची जोखीम आम्ही घेत नाही.

डब्याची काळजी करू नका, आमचा बिनबर्फाचा थर्मामीटर लावलेला डबा आहे, आणि पुण्यात हडपसर असो की बाणेर, आमचा मुलगा थोड्या चार्जमध्ये पिशवी थेट वॉर्डात पोचवतो. सिस्टरच्या हातात देताना "फ्रिजमध्ये ठेवू नका" हे तो सांगतोच, तुम्हीही सांगा. एसडीपी लागणार असेल तर मात्र सकाळीच फोन करा, डोनरच्या तपासण्या आणि मशीन धरून अर्धा दिवस जातो, आणि डोनरने गेल्या 3 दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको, हे त्याला घरून निघण्याआधीच विचारा.