जागा कोण निवडतं? पुरातत्त्वाचं एम.ए. आणि वारसा व्यवस्थापनाचं एम.ए.

दर जूनमध्ये साताऱ्यात दोन-तीन मुलं मला हमखास गाठतात. अजिंक्यतारा पाठ झालेला, प्रतापगडाच्या वाऱ्या झालेल्या, मोडी थोडी लागते. ‘सर, पुरातत्त्व करू की हेरिटेज मॅनेजमेंट? दोन्ही एकच ना?’ त्यातला एखादा शहाणा वर सांगतो, की पहिल्यात खणायचं असतं आणि दुसऱ्यात तिकीटखिडकी, माहितीफलक, पार्किंग. २०२५ मध्ये प्रतापगड जागतिक वारसा यादीत गेला आणि हा गोंधळ आणखी वाढला.

पहिलं तुम्हाला माहीत आहे. पुण्याचं डेक्कन कॉलेज, दोन वर्षं, कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. प्रागितिहास, शिल्प, नाणी, लिपी, खापरं आणि खड्ड्यात उन्हातान्हाचं बसणं. ग्रेटर नोएडाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पदविका आहे, तीही दोन वर्षांची. पडक्या इमारतींची डागडुजी शिकायची असेल तर तो वास्तुविशारदांचा प्रांत, त्याचा इथे संबंध नाही.

दुसऱ्याच्या नावानेच घोळ होतो. ‘वारसा व्यवस्थापन’ या पाटीखाली पर्यटन आणि संग्रहालयं शिकवणारे अभ्यासक्रम आहेत. ते वाईट नाहीत, पण मी त्याबद्दल बोलत नाहीये. मी बोलतोय धरण, रस्ता, खाण यांच्या आधी जमीन तपासणाऱ्या पुरातत्त्वज्ञाच्या शिक्षणाबद्दल. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या पैशातून किंवा परवानगीने होणाऱ्या कामाआधी ऐतिहासिक ठिकाणांवरचा परिणाम पाहणं बंधनकारक झालं आणि त्यातून हा धंदा उभा राहिला. कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठात तर याच कामाचं एम.ए. आहे, नोकरी करता करता करण्याजोगं.

दोन्हींत फरक एकच, पण तिथेच सगळे अडखळतात. जागा कोण निवडतं?

संशोधक आधी प्रश्न घेतो, मग जागा शोधतो. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांनी नेवाशाला खणलं ते तिथे काय विचारायचं हे ठरवून. अशा माणसाला पुढच्या वर्षी परत येता येतं, अर्धं टेकाड पुढच्या पिढीसाठी ठेवता येतं. दुसऱ्याची जागा अभियंत्याने आखलेली असते आणि तारीख ठेकेदाराची.

समजा कऱ्हाडच्या खाली उपसा सिंचनाची पाइपलाइन जाणार आहे. आखणीत एका गावची जुनी पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं पांढऱ्या मातीचं टेकाड, येते. पांढर कुठे ते म्हाताऱ्यांना विचारलं तरी कळतं. धाब्याच्या घरांवर टाकायला पिढ्यान् पिढ्या तिथूनच माती नेलेली असते. नांगरट झाली की तुम्ही पाच-पाच पावलांच्या अंतराने सरळ रेषेत चालता. ढेकळांत काळी-तांबडी खापरं दिसतात, बांगडीचा शंखाचा तुकडा, राखेचा पट्टा. आता खरा प्रश्न: हे नांगराने इकडेतिकडे पसरवलेलं आहे, की खाली थर जागेवर आहेत? मीटरभराचा छोटा खड्डा घेता. नांगराच्या पोहोचेखाली चोपलेली जमीन आणि चुलीची भाजलेली माती लागली, की पहिला गडी हरखून मोठ्या उत्खननाची परवानगी मागायला धावेल. दुसऱ्याने म्हणायचं असतं, चर चाळीस मीटर सरकवा आणि हे असंच झाकून ठेवा. कारण उत्खनन म्हणजे थर उलगडत मोडणं. पहिल्याचं ते मुख्य काम, दुसऱ्याचा अगदी शेवटचा उपाय.

आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याला तो शेवटचा उपाय करावा लागला. धरणाचं पाणी यायच्या आत, १९५४ ते १९६० मध्ये खोरं खणलं आणि वास्तू उचलून उंचावर नेल्या. धरण सरकत नसतं. पाइपलाइन सरकते.

म्हणून त्या अभ्यासक्रमात कायदा, हिशेब, मुदत, आणि पैसे देणाऱ्याला नको ते लेखी कसं सांगायचं, हे शिकावं लागतं. अहवाल वाचणार कार्यकारी अभियंता. त्याला सातवाहन काळ नको, पाइप कुठून न्यायचा ते हवं.

आता नोकऱ्या. आपल्याकडे १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० ला दुरुस्ती झाली आणि केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी, पुढे २०० मीटर नियंत्रण कायद्यातच आलं. पण कुठल्याच यादीत नसलेल्या पांढरीला त्याचा काही उपयोग नाही, त्यामुळे तिकडच्यासारखं पोटापाण्याचं काम इथे फार नाही. माझं मत पक्कं आहे: आधी पुरातत्त्व, मग व्यवस्थापन. ज्याला थर वाचता येत नाही त्याने कशाचं महत्त्व ठरवायचं?

सांगली जिल्ह्यातल्या एका गावात उत्साही मंडळींनी बांधाबांधावरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे स्मारकदगड, गोळा केले, देवळापुढे सिमेंटात ओळीने उभे केले, वर ऑइल पेंट. फलकावर ‘संवर्धन’. कोणता वीरगळ कोणत्या बांधावरचा? कुणी टिपलं नाही. खिशात मोबाईल होता, हलवण्याआधी फोटो आणि ठिकाण टिपायला दोन मिनिटं लागली असती. लढाई कुठे झाली असेल, जुनी वाट कुठून जायची, याचा जो काही माग होता तो गेला.

म्हणून मुलांना हल्ली मी सल्ला देण्याआधी काम देतो: आपल्या गावची पांढर चाला आणि नकाशा आणा. बहुतेक जण निवडक खापरांची पिशवी घेऊन येतात. गेल्या वर्षी एकाने चौकटीच्या वहीच्या पानावर नकाशा आणला. खापरांच्या ठिपक्यांमध्ये तीन पट्टे कोरे होते आणि प्रत्येकावर पेन्सिलने लिहिलं होतं, ‘ऊस उभा, पाहता आलं नाही’. ‘काही नाही’ असं त्याने लिहिलं नव्हतं. त्याला म्हटलं, फॉर्म भर.