यॅमलमधली लांब ओळ: पंचकार्डापासून पाइपलाइनपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या गिऱ्हाइकासाठी सॉफ्टवेअर करायचं, तर दोन शब्दांची सूचनाही कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशी तिहेरी लिहायची वेळ येते. ती बिल्ड पाइपलाइनच्या (सॉफ्टवेअर आपोआप तयार करून तपासणाऱ्या टप्प्यांच्या साखळीच्या) यॅमल फाइलीत, म्हणजे सेटिंग्ज साध्या मजकुरात लिहायच्या फाइलीत, घातली की ओळ स्क्रीनबाहेर पळते. मग ओळ तोडायला यॅमलच्या चिन्हांपैकी कोणी | टाकतो, कोणी >, कोणी अवतरणचिन्हात कोंबतो. बिल्ड हिरवं आहे, म्हणजे बिनचूक पार पडतंय, तोवर एकाच कामाला इतक्या वाटा आल्या कुठून, हे कोणी विचारत नाही.

ओळीच्या रुंदीची कटकट यॅमलहून कितीतरी जुनी. आयबीएमचं 80 रकान्यांचं पंचकार्ड, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायचं कार्ड, 1928 चं. फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत त्यातले 72 रकानेच विधानासाठी वापरायचे, आणि विधान पुढच्या कार्डावर गेलं तर तिथे सहाव्या रकान्यात खूण करायची. युनिक्सच्या शेलने (टाइप केलेल्या कमांडी चालवणाऱ्या प्रोग्रामने) आणि सी भाषेने, ओळ पुढे चालू आहे हे सांगायला, ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश (\) देण्याची रीत धरली. ईमेलची रीत वेगळी. 1982 च्या आरएफसी 822 या ईमेलच्या नियमावलीप्रमाणे हेडर (पाठवणारा, विषय वगैरे सांगणारी ओळ) लांबलं तर पुढची ओळ थोडी आत सरकवायची, ती आधीच्याच ओळीत धरली जाते.

क्लार्क एव्हन्स, ओरेन बेन-किकी आणि इंगी डॉट नेट यांनी 2001 मध्ये यॅमलची जुळणी सुरू केली, तेव्हा हे सगळं त्यांच्यासमोर होतं. ईमेलचं आणि एचटीएमएलचं (वेबपानं लिहायच्या भाषेचं) ऋण यॅमलच्या विनिर्देशातच, म्हणजे नियमांच्या अधिकृत दस्तऐवजातच, मान्य केलेलं आहे. एचटीएमएलमध्ये परिच्छेद कुठेही तोडा, ब्राउझर ओळी एका स्पेसने सांधतो. यॅमलचं > त्याच घराण्यातलं: ओळी सांधायच्या, आणि मध्ये रिकामी ओळ असेल तरच खरी नवी ओळ समजायची. | मात्र ओळी जशा आहेत तशाच ठेवतं. या दोन्हींपैकी कोणत्याही चिन्हाला उणे चिन्ह जोडलं की शेवटचा न्यूलाइन (ओळ संपल्याची अदृश्य खूण) जातो, अधिक चिन्ह जोडलं की शेवटच्या रिकाम्या ओळीही राहतात. 2004 मध्ये 1.0 आवृत्ती पक्की झाली, तेव्हापासून ही चिन्हं तीच आहेत.

म्हणजे > मुळात गद्यासाठी होतं. गद्यात मध्येच एखादी यादी आली तर ती विस्कटू नये, म्हणून जास्त आत सरकलेल्या ओळी सांधायच्या नाहीत असाही नियम केला. हे बघा:

सूचना: >-
  खानापूर शाखेचा अहवाल
  तयार आहे.
    पाहून कळवावे.

पहिल्या दोन ओळी एक होतात. तिसरी वेगळीच राहते, आपल्या दोन जादा स्पेससकट. सूचनेत हे खपून जातं.

पण पुढे यॅमलमध्ये शेलच्या कमांडी येऊन बसल्या. बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सेवांमधून त्या आल्या: ट्रॅव्हिस सीआय 2011 पासून, गिटलॅबची सीआय फाइल 2015 पासून. गिटहब ॲक्शन्स 2018 मध्ये दुसऱ्याच भाषेत आलं होतं, 2019 मध्ये तेही यॅमलवर आलं. शेलला ओळ संपली म्हणजे कमांड संपली. कोणी डॉकरची (ॲप वेगळ्या बंदिस्त डब्यात चालवणाऱ्या साधनाची) लांब कमांड > खाली लिहितो, पर्याय नीट दिसावेत म्हणून दोन स्पेस आत घेतो, आणि नेमक्या त्या ओळी सांधल्या जात नाहीत. डॉकर अर्धवट चालतो, उरलेल्या पर्यायालाच शेल नवी कमांड समजतं आणि लॉगमध्ये ‘कमांड नॉट फाउंड’ येतं. म्हणून कमांडीला | आणि ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश, असं माझं मत. दिसायला ओबडधोबड, पण वाचणाऱ्याला शेलचाच नियम लावता येतो. बॅकस्लॅशनंतर चुकून स्पेस राहिली तर तेही फसतं, ते वेगळं.

दुहेरी अवतरणातला बॅकस्लॅश आणखी तिरपागडा. तो ओळी सांधतो, पण पुढच्या ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस गिळून टाकतो. बॅकस्लॅशच्या आधी स्पेस दिली नाही, तर ‘अहवाल तयारआहे’ असा संदेश जातो. मराठी न वाचणाऱ्या टेस्टरच्या नजरेतून तो हमखास सुटतो.

सगळ्यात छुपा घोळ गिटहब ॲक्शन्सच्या इफ अटीत, म्हणजे पायरी चालवायची की नाही हे ठरवणाऱ्या अटीत, होतो. लांब अट डॉलर आणि दुहेरी महिरपी कंसांत घालून | किंवा > खाली लिहिली, की शेवटी एक न्यूलाइन चिकटतो. उत्तर ‘फॉल्स’ (खोटं) असलं तरी मग ती रिकामी नसलेली स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, ठरते, आणि असा मजकूर गिटहब खरा धरतं. अट नापास असूनही पायरी प्रत्येक वेळी चालते, एररही येत नाही. तिथे >- लिहावं, नाहीतर कंस काढून टाकावेत.