कब्जाग्रहण, स्पॅनिश अमेरिकेतील

कॅस्टील या स्पेनमधील राज्याच्या राजसत्तेच्या नावाने अमेरिकेतील भूमी ताब्यात घेण्याचा विधी व त्याचा लेखी पुरावा. या दोहोंत लेखाचे वजन अधिक. झेंडा, क्रूस, तलवार ही नोटरीला (एस्क्रिबानो) नोंदवता येईल असे काही घडावे म्हणून.

रोमन कायद्यात ताबा सिद्ध होण्यास वस्तूवर प्रत्यक्ष पाय ठेवणे व ती आपली करण्याचा हेतू असणे, दोन्ही लागत. ‘सिएते पार्तिदास’ या तेराव्या शतकातील कॅस्टीलच्या संहितेने हे तत्त्व उचलले. त्यामुळे जमिनीच्या खासगी व्यवहारात परिचित असलेल्या कृतीच नव्या किनाऱ्यांवर दिसतात : चालणे, फांद्या तोडणे, माती वा पाणी हाती घेणे, क्रूस रोवणे. हरकत घेणारा असल्यास पुढे यावे, असे मोठ्याने पुकारले जाई. कोणी बोलले नाही, की ‘विनाहरकत’ अशी नोंद होई. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबसने राजध्वज उभारून रोद्रिगो दे एस्कोबेदो या नोटरीस साक्षी ठेवले. कोणी विरोध केला नाही, असे कोलंबसने पत्रात कळवले. ज्यांना भाषाच कळत नव्हती ते हरकत कशी घेणार, हा प्रश्न कागदावर उमटत नाही.

विधीचा खरा श्रोता स्थानिक रहिवासी नसून प्रतिस्पर्धी स्पॅनिश मोहीमकार आणि अन्य ख्रिस्ती राजे होते, असे मानणे सयुक्तिक वाटते. १५१९ मध्ये मेक्सिकोतील ताबास्को येथे कोर्तेस या मोहीमप्रमुखाने सेइबा वृक्षावर तलवारीचे तीन वार करून ताबा घेतला, तेव्हा कुरबूर झाली ती क्यूबाचा गव्हर्नर वेलास्केस याच्या पक्षातील सैनिकांत. कोर्तेसने केवळ राजाचे नाव घेतले, वेलास्केसचे घेतले नाही, ही त्यांची तक्रार होती.

रेकेरिमिएन्तो (स्थानिक रहिवाशांना वाचून दाखवायचे ताकीदपत्र) : भूमीपेक्षा माणसांवरील हक्क अवघड ठरला. डिसेंबर १५११ मध्ये सांतो दोमिंगो या कॅरिबियनमधील वसाहतीत आंतोनिओ दे मोंतेसिनोस या धर्मोपदेशकाने वसाहतवाल्यांच्या स्थानिकांवरील अधिकारालाच आव्हान दिले. पुढील वादातून हुआन लोपेस दे पालासिओस रुबिओस या कायदेपंडिताने हे ताकीदपत्र रचले. काही संग्रहांत त्याचा काळ १५१० दिला आहे. १५१२-१३ हा अधिक ग्राह्य. जगाची उत्पत्ती, सेंट पीटर, पोप, पोपने या भूमीचे कॅस्टीलच्या राजांना केलेले दान असा क्रम लावून त्यात राजाचे व राणी हुआनाचे स्वामित्व मान्य करण्यास सांगितले आहे. विचारास वेळ देण्याची व धर्मांतराची सक्ती न करण्याची ग्वाही आहे. नकार दिल्यास युद्ध, बायकामुलांसह गुलामी, मालमत्ता जप्त. होणाऱ्या मृत्यूंचा दोष नाकारणाऱ्यांवर. अखेरीस नोटरीकडे लेखी दाखला मागितला जातो.

या मसुद्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. इतिहासकार पॅट्रिशिया सीड यांच्या मते त्याचे मूळ इस्लामी कायद्यातील मालिकी पंथाच्या युद्धपूर्व आवाहनात आहे : आधी निमंत्रण, शरण येणाऱ्यास कर देऊन स्वधर्म पाळण्याची मुभा, नकारानंतरच लढाई. साम्य लक्षणीय आहे, पण थेट उसनवारीचा पुरावा तोकडा पडतो. एन्सिसो या वकिलाने तर यहोशवाने यरीहो हे शहर जिंकल्याचा बायबलमधील दाखला पुढे केला होता. ख्रिस्तागमनानंतर अख्रिस्ती लोकांचे स्वामित्व चर्चकडे आले, हे चर्चच्या कायद्याचा पंडित होस्तिएन्सिस याचे तेराव्या शतकातील मत मजकुराच्या पूर्वार्धाशी जुळते. शेवटचा भाग मात्र कॅस्टीलमध्ये प्रतिपक्षास नोटरीसमक्ष बजावल्या जाणाऱ्या नोटिशीच्या धाटणीचा आहे. ‘रेकेरिमिएन्तो’ हा शब्दही तिथलाच. ही दोन सूत्रे पुरेशी वाटतात.

पेद्रारियास दाविला या स्पॅनिश गव्हर्नरच्या मोहिमेत जून १५१४ मध्ये सांता मार्ता (आजच्या कोलंबियात) येथे रेकेरिमिएन्तो वापरले गेले. गाव ओस पडले होते. मजकूर बाळगणाऱ्या ओविएदो या बखरकाराने नंतर सुचवले, की एखादा इंडियन (अमेरिकेतील मूळ रहिवासी) पिंजऱ्यात सापडून सावकाश शिकेपर्यंत हा कागद जपून ठेवावा. गावापासून अर्ध्या लीगवर (सुमारे अडीच-तीन किमी.) रात्री आपापसांत वाचून पहाटे हल्ला केला जाई, असे स्थानिकांची बाजू मांडणारे धर्मोपदेशक लास कासास सांगतात. १५२६ च्या ग्रानादा आज्ञेने दुभाष्यामार्फत समजावणे बंधनकारक केले.

१५३९ मध्ये सालामांका येथे धर्मशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को दे वितोरिया यांनी पोपच्या दानाचा आधारच नाकारला. स्पेनचा राजा फेलिपे दुसरा याच्या १५७३ च्या आज्ञांनी ‘विजय’ हा शब्द काढून ‘शांतिस्थापना’ हा घातला. ताबा घेण्याचा विधी व त्याचा नोटरीचा दाखला आणण्याची अट मात्र त्यांतही कायम आहे.